काठावरच्या वहाणा

सरका शेकोटीपाशी, अन् ऐका. अंधार पडल्यावर त्या नव्या रस्त्यानं जायचं न्हाई. का, ते सांगते.

हिरामण, माझा दीर. बाजारातनं रात पडल्यावर एकटाच निघाला. पायात लाल टाक्यांच्या कोऱ्या वहाणा. कुठनं आणल्या, कुणी विचारलं न्हाई. आला वेशीजवळ. तिथं रस्त्याखालनं पावसाच्या पाण्याचा जुना नळ जातो, माणूस वाकून शिरंल एवढा. गंजून पार चाळण झालेला. पण वरचा रस्ता नवाकोरा. पुढारी म्हणले, फोडायचा न्हाई. मग शहरातनं माणसं आली. डिंकासारख्या कशात तरी भिजवलेली लांब पिशवी नळात सोडायची, वाफेनं फुगवायची. मग ती दगडागत कडक व्हायची. जुन्या नळात नवा नळ. रस्त्याला चरासुद्धा न्हाई. लई कौतुक झालं बघा.

तर हिरामण चालला. पायाखाली ठक. पाऊल टाकलं की ठक. थांबला की थांबलं. पळाला, तर ठकठकठक, त्याच्याही पुढं.

मग गटारीच्या जाळीतनं आवाज आला. "दादा, समदी वर गेली का?"

तेवढ्यात वहाणा तापल्या. काढाय गेला, निघंनात. अन् जाळीतनं पोळलेला हात आला. घोटा धरला.

"माझ्या हायत त्या. काठावर ठिवल्या होत्या."

आता खरं काय ते ऐका. नळात काम करणारी माणसं उतरायच्या चेंबरच्या काठावर वहाणा काढायची, गमबूट घालून खाली उतरायची. वर आलं की ज्यानं त्यानं आपल्या घालायच्या. काठावर वहाणा न्हाईत, म्हंजे खाली माणूस न्हाई. अशी त्यांची रीत. लिंबाजी नावाचा गडी आत, नळाला येऊन मिळणाऱ्या बाजूच्या मोरीत गाळ काढत होता. वर माझ्या दिरानं त्याच्या वहाणा उचलल्या. मुकादमाला काठ रिकामा दिसला. पिशवी सोडली, वाफ भरली. मोरीचं तोंड बंद, लिंबाजी आतच.

लिंबाजीची बायको कडेवर पोर घेऊन आली, तर गाव म्हणालं, पळाला असंल.

हिरामणनं कमरेच्या विळ्यानं पट्टे कापले. वहाणा जाळीवर टाकल्या, तसा हात सुटला, अन् अनवाणी घर गाठलं. तळपायाची कातडी गेलेली. सकाळी समदं कबूल केलं. लोक बघाय गेले. तुटक्या वहाणा चेंबरच्या काठावर जोडीनं नीट ठिवलेल्या.

लिंबाजीची बायको सरपंचाच्या पाया पडली. म्हणाली, खणा. सरपंच म्हणाला, एवढा चांगला रस्ता फोडायचा कसा? कुणी तोंड उघडलं न्हाई. हिरामणनं बी न्हाई. त्या दिसापासनं मी त्याला ताट वाढत न्हाई.

खणायला कुणी गेलं न्हाई, पण वळसा घालून समदे जात्यात. तुम्ही बी जा. अन् दिवसा कधी गेलात, तर त्या वहाणांना हात लावू नका. अजून काठावरच हायत. म्हंजे खाली माणूस हाय.