एकतीस ते चाळीस

ऐका रं. शेकोटीजवळ सरका, आन् हुंकाराबिगर मधी कुनी बोलू नका.

रंगनाथ वायरमन दिस मावळल्यावर निघाला. एकटा. हातात बॅटरी. का निघाला? त्याचा जोडीदार लिंबाजी दुपारच्याला तुटकी तार बघायला बोरमाळावर गेला, त्यो परतलाच न्हाई! काम व्हतं एकतीस ते चाळीस नंबरच्या खांबात. किती खांब झालं? नऊ नव्हं गड्यांनो. दोन्ही टोकं धरायची. दहा!

एकतीस. बत्तीस. बॅटरी मारायची, खांबावरचा आकडा वाचायचा, फुडं.

तेवढ्यात हाक आली. "रंगादा, तेहतिसाखाली हाय मी!"

लिंबाजीचाच आवाज! धावला. तिथं कुनी न्हाई.

"रंगादा, पस्तिसाखाली!"

पुन्ना धावला. कुनी न्हाई. मग मागनं हाक, "बत्तीस!" आन् त्याच वक्ताला फुडनं, "अडतीस!" एक आवाज, दोन्हीकडनं! चकवा वो, दुसरं कोन?

तरी गडी मोजत ऱ्हायला. छत्तीस झाला. आता सदतीस यायचा. तर खांब आला, पर त्याच्यावर आकडाच न्हाई! छत्तीस आन् सदतिसाच्या मधी काय असतं? काय नसतं! आन् ह्यो समोर हुबा. वर कुनीतरी बसलेलं, पाय हलवतंय.

म्हनतं, "ये वर. तुझाच नंबर टाकायचा हाय."

बॅटरी गळाली. रंगनाथ पळत सुटला. मागनं बारीक आवाज आला, "रंगादा... छत्तीस... ओघळीत हाय... पानी दे."

आता कसला थांबतोय! कानावर हात दाबलं आन् पळाला. चाळीस आला, वस्तीचा दिवा दिसला, दारात जाऊन कोसळला. वाचला.

सकाळी मानसं गेली. खांब मोजलं, दहाच भरलं. छत्तिसाखालच्या ओघळीत लिंबाजी घावला. कंबर मोडलेली. गेलेला. डाक्टर म्हनलं, पहाटंपतूर जीव व्हता.

त्याच्या आईनं रंगनाथला इचारलं, "बाबा, त्यानं कुनाला हाक मारली आसंल का रं?"

रंगनाथ जिमिनीकडं बघत म्हनला, "न्हाई मावशे."

म्हनून सांगतो, दिस बुडाल्यावर बोरमाळाची वाट धरू नका. आन् धरलीच, आन् हाक आली, तर काय करायचं... ते मला म्हाताऱ्यालाबी ठावं न्हाई.