सहाव्या सामन्यातला झेल

नाही, पुढचं राहू द्या, ती मधली ओळ पुन्हा वाचा — 'गस टीमान येणार असेल तरच मी येईन.' असंच, माझं नाव घालून लिहिलंय? आणि अक्षर प्रुइटचंच आहे ना? माझ्याकडं देऊ नका, हात तेलकट आहेत, तुम्हीच धरा. बघा म्हणजे. पंचवीस वर्षांत एक पत्र नाही, नाताळचं कार्ड नाही, आणि आता हे. तुम्ही म्हणताय किती मोठ्या मनाचा माणूस. आहेच. तिथंच तर सगळी पंचाईत आहे. बसा ना, मिसेस वॉल्ड्रन, उभ्या कशाला, त्या खोक्यावर बसा — तिकडं नाही, इकडं, माझ्या डाव्या हाताला, उजव्या कानानं मला काहीच ऐकू येत नाही. आणि माझे हात चालू राहिले तर राग मानू नका. एप्रिल महिना आहे, अख्ख्या गावाला गवत कापायची यंत्रं एकाच आठवड्यात दुरुस्त करून हवीत, आणि तुमच्या समितीला नेमकी याच आठवड्यात मेजवानी आठवली.

सत्कार म्हणे. चव्वेचाळीस सालच्या बेसबॉल विजेत्यांचा सत्कार. अहो, विजेते कसले — तुम्ही दहा वर्षांपूर्वी या गावात आलात, तुम्ही तो संघ पाहिला नाही, म्हणून तुम्हाला वाटतं. आमचा कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागं बसून चेंडू पकडणारा, त्रेचाळीस वर्षांचा, नातू झालेला माणूस, खाली बसला की उठताना पंचाच्या गुडघ्याला धरायचा. चेंडू टाकणाऱ्यांपैकी एकाला दमा. पहिल्या बेसवर शाळेतले भूगोलाचे मास्तर, ते सप्टेंबरात फक्त शनिवार-रविवारी मिळायचे. खरे खेळाडू सगळे लढाईवर, युरोपात नाहीतर पॅसिफिकमध्ये, आणि आम्ही त्यांच्या जागा अडवून बसलेले. त्यांच्याच टोप्या, त्यांचेच शर्ट. माझ्या शर्टावर आधीच्या माणसाचं नाव होतं, ते उसवून काढलं तरी दिसायचं. पगार मिळायचा, लोक तिकीट काढून यायचे, म्हणून आम्ही व्यावसायिक. नदीकाठची आठ गावं, त्यांची लीग, आणि त्या वर्षी मोठं कुणी उरलंच नव्हतं म्हणून आमचा केलर्स लँडिंगचा संघ अंतिम मालिकेत गेला. फोर्ट डाल्टनविरुद्ध. सातपैकी चार जिंकायचे. बस, एवढंच.

फक्त प्रुइट खरा होता. हे मात्र लिहून घ्या, तुमच्या त्या स्मरणिकेत घाला. लेलँड प्रुइट, मिझुरीतल्या डोंगरातला, तेवीस वर्षांचा. तो युद्ध करून परत आलेला होता — बेटांवर मलेरिया झाला, सैन्यानं घरी पाठवला. मधूनच थंडी भरायची त्याला, दात वाजायचे, मी त्याच्या अंगावर माझी चादरही टाकायचो — बाहेरगावच्या सामन्यांना आम्ही दोघं एका खोलीत असायचो, म्हणून सांगतो. पण सकाळी मैदानात उतरला की काय पळायचा हो. सेंटरफिल्डला, म्हणजे मैदानाच्या अगदी मागं मधोमध उभा राहायचा, आणि चेंडू कुठं पडणार ते बॅटचा आवाज आला की त्याला कळायचं. बाकी आम्ही चेंडूकडं बघत पळायचो, तो चेंडूकडं पाठ करून पळायचा आणि बरोबर तिथं जाऊन वळायचा. लढाई संपली की आम्ही सगळे आपापल्या घरी जाणार हे आम्हाला माहीत होतं. तो मात्र वर जाणार होता. वरच्या लीगचा एक माणूस अंतिम मालिकेला येऊन बसला होता, राखाडी हॅट घालून, दुसऱ्या रांगेत — फक्त त्याला बघायला.

मी? मी दुसऱ्या बेसवर. मला सैन्यात घेतलं नाही. लहानपणी कान फुटला होता, डॉक्टरनं मागं उभं राहून त्या कानाशी टिकटिकणारं घड्याळ धरलं, मी म्हटलं, 'केव्हा सुरू करताय?' झालं, शिक्का मारला, घरी जा. आता हे कुणाला सांगणार? कान आतून खराब आहे हे बाहेरून दिसतं थोडंच. बाहेरून मी अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट माणूस, दुपारी तीन वाजता चेंडू खेळतोय. आमच्याच मैदानावर, आमच्याच गावची एक बाई होती — मिसेस स्टकी, गेल्या बिचाऱ्या — दोन मुलगे इटलीत. तिसऱ्या बेसच्या मागं बसायच्या आणि रोज, अहो रोज, मी बॅट घेऊन निघालो की स्वच्छ आवाजात विचारायच्या, 'टीमान, तुझी बंदूक कुठं ठेवलीस?' ओरडायच्या नाहीत. विचारायच्या. आणि लोक हसायचे. आणि मग प्रुइट यायचा तेव्हा लोक उभे राहायचे. काही केलेलं नसायचं अजून त्यानं, नुसता चालत यायचा, आणि हजार माणसं उभी. मिसेस स्टकी सगळ्यांत आधी. त्याला आवडायचं नाही ते, मान खाली घालायचा. एकदा मला म्हणाला, 'गस, मी तिथं तीन महिने नुसता तापानं फणफणत पडलो होतो, यांना कुणी सांगेल का?' मी हसलो. पण मनात म्हटलं, तुला काय जातंय बोलायला.

बरं, सहावा सामना. तुमच्या कागदावर काय लिहिलंय? वाचा. 'दोन खेळाडूंतील गैरसमजामुळे झालेली दुर्दैवी टक्कर.' हं. छान लिहिलंय. कुणी लिहिलं — तुम्हीच? वर्तमानपत्रातून घेतलंत ना, वाटलंच. आम्ही तीन जिंकलेलो, ते दोन, सामना त्यांच्या मैदानावर. शेवटचा, नववा डाव, आम्ही एका धावेनं पुढं, त्यांचे तीनपैकी दोन बाद, आणि त्यांची दोन माणसं बेसवर धावायला टपलेली. एक झेल — एक झेल घेतला की मालिका संपली, घरी जा, वाजंत्री. आणि त्यांच्या माणसानं चेंडू उंच उडवला. माझ्या डोक्यावरून मागं, पण फार मागं नाही. मी पाठ फिरवून, मान वर करून मागं पळत सुटलो आणि प्रुइट पलीकडून आत पळत येत होता. आता यात नियम अगदी साधा आहे, बाई, पोराबाळांनाही माहीत असतो — पुढं पळत येणाऱ्याला चेंडू नीट दिसतो, मागं पळणाऱ्याला दिसत नाही, तर पुढं येणाऱ्यानं 'माझा' म्हणून हाक मारली की दुसऱ्यानं बाजूला व्हायचं. आम्ही आपटलो. माझ्या दोन बरगड्या. त्याचा गुडघा असा, हे बघा, असा आडवा वळला. चेंडू गवतात. बेसवरचे त्यांचे दोघेही धावत फेरी पूर्ण करून आले, दोन धावा, सामना गेला. तो आवाज मी अजून — जाऊ दे.

ड्रेसिंग रूममध्ये मॅनेजर म्हणाला, 'काय झालं?' आणि मी म्हणालो, 'त्यानं हाक मारली नाही.' पटकन म्हणालो. विचार करून नाही म्हणालो, शपथेवर सांगतो, तोंडातून गेलं. वार्ताहर दारातच उभा होता. दुसऱ्या दिवशी छापून आलं. मॅनेजर इस्पितळात गेला, प्रुइटला विचारलं, 'तू हाक मारली होतीस का?' प्रुइट म्हणाला, 'आठवत नाही.' झालं, विषय संपला. आणि दुसऱ्या दिवशी सातवा सामना, मी छातीला पट्ट्या गुंडाळून खेळलो, श्वास घेता येत नव्हता, आणि सातव्या डावात मी मारलेल्या फटक्यावर आमच्या दोन धावा झाल्या आणि तेवढ्यावर आम्ही जिंकलो. ते तुम्ही लिहिलंय, 'जखमी टीमान यांचा निर्णायक फटका.' लोक उभे राहिले. गावातून तीन बसगाड्या भरून आले होते, सगळे उभे. मिसेस स्टकी कठड्यापाशी आल्या, माझा हात हातात घेतला, रडत होत्या. मला वाटलं, आता एकदाचं — आता बरं वाटेल.

राखाडी हॅटवाला सातव्या सामन्याला आलाच नाही. कशाला येईल.

पुढच्या वसंतात प्रुइट काठी घेऊन आला, सामान न्यायला. मी मोटारीपर्यंत पेटी उचलून दिली. मी म्हटलं, 'लेलँड, माझा कान — तुला माहीतच आहे.' म्हणजे आता वर्तमानपत्राला एक सांगितलं होतं आणि त्याला दुसरं सांगत होतो. तो म्हणाला, 'माहीत आहे, गस.' आणि मोटारीत बसला. तेवढंच बोलणं. आता कापसाच्या गोदामात हिशेबनीस आहे म्हणे तो, बसून करायचं काम. आणि मी वर्षानुवर्षं स्वतःला तेच सांगत आलो — माझा कान, माझा कान, बहिऱ्या माणसाला काय दोष द्यायचा. बायकोलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, मग तसं सगळ्यांना सांग ना, लाज कसली. नाही सांगितलं. का नाही सांगितलं? कारण कुणीतरी हुशार माणूस विचारेल ना — कुठला कान?

काय बघताय? तुम्ही बसलायत ना त्या बाजूला. दुसरा बेस इथं धरा, हा डबा. मी त्याच्या उजवीकडून, बॅटवाल्याकडं पाठ करून, असा मागं चाललोय. सेंटरफिल्ड कुठं येतं? मधे. म्हणजे माझ्या डाव्या हाताला. तो डावीकडून, माझ्या चांगल्या कानाच्या बाजूनं येत होता, बाई. आणि त्याला माहीत होतं — अख्ख्या संघात त्या एकट्यालाच माहीत होतं कुठला कान, एका खोलीत राहायचो आम्ही, रस्त्यानं जाताना तो आपण होऊन माझ्या डाव्या बाजूला यायचा. त्यानं एकदा नाही, दोनदा हाक मारली. 'माझा, गस.' आणि मग पुन्हा, 'गस, माझा.' तुमचा आवाज येतोय तसा आला मला. ऐकून मला काय वाटलं सांगू? वाटलं, हाही तुझाच का. हजार माणसं रोज तुझी, ती म्हातारी तुझी, हॅटवाला तुझा, आणि मालिकेचा शेवटचा झेल, तोही तुझाच. एक सेकंद. एक सेकंद वाटलं आणि मी पळत राहिलो.

आता तो लिहितोय, टीमान येणार असेल तरच. तुम्ही याला मोठं मन म्हणता. असेल. पण मला ते सोसत नाही हो. चार शिव्या घातल्या असत्या, वर्तमानपत्रात खरं सांगितलं असतं, तर मी कधीच मोकळा झालो असतो. 'आठवत नाही.' का म्हणाला असेल? विचारून विचारून माझी पंचवीस वर्षं गेली.

घ्या, तुमचा कागद काढा. ती 'गैरसमजामुळे' वाली ओळ खोडा आणि मी सांगतो तसं लिहा — प्रुइटनं हाक मारली होती, टीमानला ती ऐकू आली होती. एवढंच, दोन वाक्यं, खाली माझं नाव घाला. आणि मेजवानीला सगळ्यांसमोर वाचा, मग मी येतो. शेवटच्या टेबलावर बसवा, चालेल. लिहा ना. पेन नाही? हे घ्या. काय झालं? — आनंदाचा प्रसंग आहे. हो. महापौर येणार आहेत. हो, माहीत आहे. इतक्या वर्षांनी कशाला. अहो, इतक्या वर्षांनी तुम्हीच आलात, मी आलो नव्हतो तुमच्या दारात. स्मरणिका छापून झाली? मग ते आधी का नाही सांगितलंत — मला एवढं सगळं बोलू दिलंत आणि कागद छापून झालाय.

नाही, रागावलो नाही. तुमच्यावर कशाला रागावू, तुम्हाला बिचाऱ्यांना खुर्च्या भरायच्यात. पण मी येत नाही. आणि त्याला काय कळवायचं ते — थांबा, तुम्ही काही कळवू नका. पत्रावर त्याच्या घरच्या फोनचा नंबर आहे? वाचा. सावकाश. हं. पुन्हा एकदा, शेवटचे चार आकडे. आलं लक्षात. कामावरून किती वाजता येत असेल तो, सहा? मग आताच लावतो, आला असेल. नाही, तुम्ही थांबायची गरज नाही. नाही बाई, खरंच नको, हे तुमच्यासमोर नाही व्हायचं. या आता.