जेवणानंतरचा नळ

कन्नडहून शहराकडं निघालेली एसटी. मागच्या बाकावर कॉलेजातली रूपा, तिची आई आणि मावशी. माझी मान पुढं होती, कान मागं.

“जेवली की न्हाणीत घुसती अन् नळ सोडती. टाकी रिकामी होती, ताई!”

“फोन नेती का आत? पोराशी बोलत असंल.”

“फोन माझ्यापाशीच ठेवती.”

“मग… रूपा, पाळी चुकली का गं?”

“मावशी!”

“वरडू नको. आता पोटाच्या डॉक्टरला समदं कळंल.”

“पोटाच्या नको, मनाच्या डॉक्टरकडं न्या. जेवलं की जाड होईन अशी भीती वाटते. बोटं घालून उलटी काढते. थांबता येत नाही मला.”

“अन् नळ?”

“आई, तुला ऐकू जाऊ नये म्हणून.”

“ऐकू येत होतं, बाळा.”