मुका माज

(गोठा. सकाळ. मी, माझी सून आणि जनावरांचे डॉक्टर. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत चांदवी म्हशीच्या पोटात.)

मी: तर तुमची ती क्षारांची पावडर म्हणजे नुसतं पीठ, डॉक्टर! तीन महिने रोज मूठभर घातली. माजावर येणं राहिलं बाजूला, ही महाराणी निम्मी पावडर घमेल्यात तशीच टाकते.

डॉक्टर: हो हो, उभी राहा गं... सूनबाई, शेपटी घट्ट धरा. टाकते असं कोण म्हणतं, आजी?

मी: मी म्हणते. रोज बघते की पांढरं उरलेलं! चाळीस वर्षं दावण सांभाळलीय मी. हिला व्यायला दोन वर्षं झाली, दूध आटलं, पोट तेवढं चालू. चार वाजता हिला न्यायला व्यापाऱ्याचा टेम्पो येतोय. तुम्हाला बोलावलं ते सूनबाईच्या हट्टापायी.

सून: आई, एकदा तपासून तर होऊ दे.

मी: होऊ दे की, माझं काय जातंय? हिची आई मेली तेव्हा बाटलीनं दूध पाजून वाढवलीय मी हिला. तरी म्हणते, भाकड ती भाकड. मायेनं गोठा चालत नाही.

डॉक्टर: भाकड नाही ही. डाव्या बीजांडावर चांगली टपोरी गाठ लागतेय, माजानंतर उठते ती. आठ-दहा दिवसांपूर्वीच माजावर येऊन गेलीय.

मी: येऊन गेली? पाहुणी आहे का, दार वाजवून परत जायला? ओरडली नाही, उधळली नाही, वैरण सोडली नाही.

डॉक्टर: उन्हाळ्यात म्हैस ओरडत नाही, आजी. काळं कातडं, घाम कमी, उन्हानं जीव नकोसा होतो. पहाटेच्या गारव्यात काय ती खूण दाखवते. मुका माज म्हणतात त्याला. थंडीत हीच गल्ली डोक्यावर घेईल. पावडरनं आपलं काम केलंय. बघणाऱ्याचं राहिलं.

मी: बघणारी मी आहे! रोज पहाटे बॅटरी घेऊन शेपटीखाली बघते.

सून: मागच्या मंगळवारी होती.

मी: काय होती?

सून: माजाची चिकट तार. काचेसारखी, शेपटीपासून खाली लोंबत होती. तुम्ही बॅटरी मारलीत आणि म्हणालात, कोरडी आहे.

मी: आणि तू मिठाची गुळणी धरून उभी?

सून: थंडीत एकदा बोलले होते. तुम्ही म्हणालात, या गोठ्यात दोनच डोळे चालतात, माझे.

मी: म्हणाले असेन. मग, खोटं होतं का ते?

डॉक्टर: आजी, आजची पावडर किती उरलीय? तिथूनच सांगा.

मी: ही काय, तळाला पांढरी दिसतेय. निम्मी तरी असेल.

सून: आई... घमेलं रिकामं आहे. चाटून पुसून. तळाचा पत्रा चमकतोय तो.

मी: आण इकडं. हात फिरवू दे.

सून: हं, धरा.

मी: ...कोरं आहे की गं.

डॉक्टर: मोतीबिंदू असेल. तो काढता येतो, आजी.

मी: तुम्ही म्हशींचे डॉक्टर. माझ्या डोळ्यांकडं वळायच्या आधी तो हात धुवा.

डॉक्टर: धुतो, धुतो. पावडर बंद करू नका. दुपारी दोनदा अंगावर पाणी मारा. अकरा-बारा दिवसांनी पुन्हा माजावर येईल. तार दिसली की लगेच फोन करा, मी येऊन बीज भरतो, गाभण राहील.

मी: सूनबाई, त्या व्यापाऱ्याला फोन लाव. म्हणावं, टेम्पो आणू नकोस.

सून: का म्हणून विचारलं तर?

मी: सांग, खोट म्हशीत नव्हती.

सून: बरं.

मी: आणि ऐक. बॅटरी त्या खुंटीला असते. उद्यापासून पहाटे तू बघ. दिसेल ते मोठ्यानं सांग. कान अजून शाबूत आहेत माझे.