साबणाच्या डब्यातलं सर्किट

चहा पिता पिता ऐका, पण मधे बोलू नका, आज माझं डोकं लई तापलंय. आपल्याला मुरुमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर सकाळीच माझ्या गॅरेजवर आले. गाडी झटके खात होती. म्या ठिणगी तपासायची माझी पेटी काढली. तुमाला ठावं हाय, तिच्यातलं सर्किट माझ्या हातानं जोडलेलं हाय. प्लगच्या वायरीला चिमटा लावला की ठिणगी पडंल तसा दिवा लुकलुकतो. दोन दिवे लुकलुकले, तिसरा काय लागंना.

म्हणलं, "सर, तिसऱ्या प्लगला ठिणगीच न्हाय. वायर बदलतो, अर्ध्या तासात मोकळे."

सर म्हणाले, "अरे, हा तर साबणाचा डबा! कॉम्प्युटर कुठंय?"

"डबा साबणाचा हाय सर, आतलं सर्किट न्हाय!"

ऐकतील तर शपथ. तसेच झटके खात सोलापूरला गेले, दिवसभर तिथल्या वर्कशॉपात बसले, अन् संध्याकाळी तिथल्या कॉम्प्युटरचा कागद घेऊन माझ्याच दारात हजर. तिथं वायर शिल्लक नव्हती म्हणं. अन् कागदावर काय? तिसऱ्या प्लगला ठिणगी न्हाय!

माझं टाळकंच सरकलं. म्हणलं, "सर, हे सर्किट तुमीच आठवीत फळ्यावर काढून शिकवलंत. तुमच्याच सर्किटावर तुमचा भरवसा न्हाय व्हय?"

सरांनी चष्मा पुसला अन् म्हणाले, "सर्किटावर पूर्ण भरवसा आहे रे. पण आठवीतला तुझा पेपरही मीच तपासलाय."