परसातली शेवटची हद्द

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, उन्हातान्हात गावोगाव फिरलेले मोजणीदार बंधू-भगिनी, माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत खांबाआड बसलेला माझा दादा,

इतकं कौतुक ऐकल्यावर निवृत्तीऐवजी बढती मागावीशी वाटते आहे. घाबरू नका, मी जाते.

माझ्यामागे देशाचा नकाशा आहे. नोंदलेली जमीन हिरवी, कोर्टात गेलेली पिवळी, मोजणी राहिलेली लाल. गेल्या आठवड्यापर्यंत त्यात एकच लाल ठिपका उरला होता. तो कोणाचा, हे शिपायापासून सचिवांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माझ्यासमोर कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

तो आमचा परस. दादाच्या आणि माझ्या घरांच्या मधला, वडिलांनी दोघांना मिळून ठेवलेला. नियम मीच लिहिलेला: दोन्ही मालकांनी हद्दीवर यायचं आणि मिळून दगड रोवायचा. का? समोरासमोर उभं राहिलं की माणसाला फार खोटं बोलवत नाही. पण दादा यायलाच तयार नव्हता. माझ्याशी बोलणंही त्याने टाकलं होतं. अध्यक्ष महोदय मला म्हणालेही, "बाई, ठिपका हिरवा करायचं बटण तुमच्याच हाताखाली आहे." होतं ना! पण देशभर ज्यांना मी भावासमोर उभं केलं, त्यांना कोणत्या तोंडाने भेटणार होते?

गेल्या सोमवारी दादा आला, स्वतः पहार घेऊन. मोजणीदाराने दोरी धरली, तर म्हणतो, "थांबा. आधी नकाशात इथे दार दाखवा."

"काका, हद्दीत दार दाखवायची खूण नसते."

"मग रेघ मारल्यावर हिने यायचं कुठून?"

मंडळी, मला इतकी वर्षं वाटत होतं, याला जागा हवी आहे. याला भीती होती ती माझं येणं बंद होण्याची. छातीवरचं ओझं असं उतरलं की मी तिथेच मटकन बसले. मोजणीदार म्हणाला, "मॅडम, उठा. हद्दीवर बसलात."

दगड आम्ही दोघांनी रोवला. ठिपका हिरवा झाला. नकाशात दार आलं नाही, नियम तो नियम. पण काल कुंपणात सुताराने खरंच दार बसवलं. कडी कुठल्या बाजूला, असं त्याने विचारलं, तर दादा म्हणाला, "तिच्या."

आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलंत, मी मनापासून ऋणी आहे. कामाचं सोडून घरचंच फार बोलले, तेवढं पोटात घाला. चहाला मात्र थांबत नाही. आज दादाकडे परसातून जायचं आहे.