ग्रंथवाचनातला आमच्या घराचा नंबर

माझं माहेर शिवथरच्या खोऱ्यातलं, नि दिली ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी आमची बौद्धवाडी हाय तिथं. शाळा मी बघितली ती लांबून, म्हशींमागं फिरताना. लिवायवाचायला शिकले ते दोन पोरी झाल्यावर, साक्षरतेचे वर्ग निघाले ना त्या सालात. सासू बोलायची, आता काय कलेक्टर व्हनार हायस गो? पन आमचे हे महाडच्या एमायडीशीत कामाला, शिकलेले, ते बोलले जाऊ दे तिला. तसा मानूस मिळायचा नाय, हे मी आजबी बोलते.

तर काय सांगू तुम्हाला, आमच्यात आषाढी पुनवेपासून आश्विनी पुनवेपर्यंत वर्षावास असतो. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा, एकेका घराचा नंबर लावलेला, ज्याचा दिवस त्याच घरचं वाचन नि त्याच घरची खीर. आमच्या घरचं हे वाचायचे, आवाज असा की पार वरच्या आळीला ऐकू जायचा. मी आपली मागं बायकांत, खिरीच्या टोपाजवळ. बाई कुठल्याच घरची वाचायला बसायची नाय. कोनी बस म्हटलं नाय नि नको पन म्हटलं नाय.

त्या साली जेठात झरा आटला, तळाचं पानी भरत व्हतो, त्यात ह्यांना कावीळ झाली नि हे गेले. मला काय सुचायचं नाय, चुलीवरचा भात करपून जायचा. आषाढ लागला, विहाराच्या भिंतीला नंबराची यादी लागली, तर आमच्या घराचं नावच नाय. दोन येळा वाचली मी. दिराला विचारलं तर बोलला, वयनी, तुमच्यावर दुःख पडलंय, यंदा राहू दे. सासू खरं ते बोलली, पांढऱ्या पायाची बाई ग्रंथाला कशी बसंल? आता बघा म्हंजे. बौद्ध झालो तवा आमच्या मानसांनी देव्हाऱ्यातले देव सावित्री नदीत सोडले, पांढरे पाय तेवढे घरात ठेवले.

मला राग आला, मोप राग आला. मानूस गेला तो गेला, आता त्याच्या घराचं नाव पन पुसताय? तडक विहाराच्या अध्यक्षांपुढं गेले, बोलले, आमच्या घरात वाचनारं मानूस हाय. त्यांनी यादी बघितली. मग बोलले, श्रावनातला दिवस घे.

त्या दिवशी नेमकं बुद्धाच्या पहिल्या प्रवचनाचं प्रकरन आलं. अक्षराखाली बोट ठेवून वाचत व्हते, जोडाक्षर आलं की अडकायची, घाम फुटला व्हता. दीर बोलला, आना हिकडं, मी वाचतो. मी दिला नाय ग्रंथ, पुढं वाचलं. दुःख हाय. दुःखाला कारन हाय. कारन काढलं तर दुःख जातं, नि त्याला वाट हाय. हितपर्यंत आले नि थांबले. हे असे वाचायचे ते किती वर्सं कानावर पडलेलं, पन माझ्या तोंडानं वाचलं तवा कळलं. मी सासूकडं बघितलं, सगळ्यांदेखत बोलले, आई, ह्यात कारन लिवलंय. नशीब लिवलं नाय, बाईचे पाय लिवले नायत. तुमचा ल्योक झऱ्याच्या घान पान्यानं गेला.

मी उरलेलं सगळं वाचलं, ह्यांना जेवढा येळ लागायचा त्याच्या तिप्पट लागला, पन एक मानूस उठला नाय. दुसऱ्या दिवसापास्नं वाडीत पानी उकळायला लागले, पुढं झऱ्याला कट्टा बांधला.

मुक्ती म्हंजे काय ते भंतेजी सांगतील, मला एवढं मोठं कळत नाय. ह्यांची आठवन अजून येते, रडूबी येतं. पन दुःखाबरोबर जी लाज व्हती ना, ती गेली. आता यादीत सात बायकांची नावं हायत, पयलं माझं.

सासू गेल्या साली गेली. आदल्या दिवशी माझा हात धरून बोलली, माझ्या कार्याला तिसरन-पंचशील तूच दे गो, दुसरं कोन नको. मी दिलं, सगळ्या वाडीपुढं, उभी राहून, नि माझ्यामागं शंभर मानसं बोलली. तुमचंबी बरं व्हवो.